शुक्रवारचा आजार

आमच्या गावच्या दवाखान्यातल्या मुख्य नर्स द्वारकाबाई दर शुक्रवारी सकाळी आठ वाजता आजारी पडत आणि दुपारी चार वाजता बऱ्या होत. त्यात कधी खंड नसे. गुरुवारी ठणठणीत, शनिवारी ठणठणीत. शुक्रवारी मात्र कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून त्या सगळ्यांत नव्या नर्सच्या हातात ठेवत, व्हरांड्यातल्या नऊ नंबरच्या खाटेवर आडव्या होत, पडदा ओढून घेत आणि कण्हायला लागत.

हे मला कळलं तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. नागपूरच्या मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारपासून ते आमच्या कोंडवाड्याच्या रखवालदारापर्यंत प्रत्येकावर एकेक पत्रक काढायचा माझा संकल्प होता, आणि रखवालदाराचं नुकतंच संपलं होतं. अशा मोकळ्या वेळात दवाखान्यातून सुटलेल्या एका रोग्याचा मेहुणा मला भेटला. म्हणाला, "अहो, शुक्रवारी मोठी बाई खाटेवर पडून राह्यते, अन् नर्साइकडून डोक्याले तेल लावून घेते!"

बस. मला एवढं पुरे होतं. चौकशी वगैरे दुबळ्या मनाची माणसं करतात. दुसऱ्या दिवशी ‘दवाखाना की दरबार?’ हे पत्रक छापून तयार. कलम पहिले: रोग्यांना आंघोळीला गार पाणी मिळते. कलम दुसरे: नर्सांच्या मोठ्या बोलण्याने रोग्यांची झोप मोडते. कलम तिसरे, जाड टाइपात: मुख्य परिचारिका कर्तव्य सोडून हाताखालच्या भगिनींकडून खासगी सेवा करून घेते, तिला तात्काळ दूर करा! एक प्रत बुलढाण्याला, तपासणीच्या डॉक्टरसाहेबांकडे धाडली. बाकीच्या घेऊन डोणगावचा बाजार गाठला.

तिथे मी बैल सोडलेल्या गाडीवर चढलो, आणि तेही मागच्या टोकाला. "बंधूंनो, उठा!" असं मी गरजलो. बंधू उठले नाहीत. गाडीचं जू उठलं. गाडी मागे उलाळली, मी खाली आलो आणि उजव्या पायाची नळी मोडली. बंधूंनी मला त्याच गाडीत घातलं, बैल जुंपले आणि जवळच्या एकमेव दवाखान्यात आणून टाकलं. तो कोणता, हे सांगायला नकोच.

द्वारकाबाईंना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पन्नाशीच्या, रुंद हाडाच्या, पांढऱ्या लुगड्यातल्या. माझ्या खिशातून डोकावणाऱ्या पत्रकांकडे त्यांनी पाहिलं.

"पत्रकवाले तुमीच काय?"

"होय," मी कण्हत पण बाणेदारपणे म्हणालो. "आणि माझा एक शब्दही मी मागे घेणार नाही."

"शब्द राहू द्या. पाय इकडं आना."

आता सूड घेतला जाणार, अशी माझी खात्री होती. निदान हुतात्मा व्हायला मिळेल, ही आशाही होती. दोन्ही फसलं. पाय फळीला बांधला गेला आणि माझी खाट व्हरांड्याच्या दाराशी लागली. दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्या नर्सांना गोळा केलं आणि माझं पत्रक मोठ्यानं वाचायला लावलं, माझ्यासमोर! पहिलं कलम झालं. बाई म्हणाल्या, "खरं हाय का?"  बारा वर्षं नोकरी झालेल्या सोनाबाई पुटपुटल्या, "हाव. चूल एकच हाय." बाई म्हणाल्या, "उद्यापासून दुसरी पेटवा." दुसरं कलम झालं. "हे बी खरं हाय. सगळ्यात मोठ्यानं मीच बोलतो." तिसऱ्या कलमाला त्यांनी कागद हातात घेतला, घडी घातली आणि म्हणाल्या, "चला कामाले."

ज्याच्याविरुद्ध लिहावं त्याने पत्रकाचा असा उपयोग केला की लेखकाची किती कुचंबणा होते, हे ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मग शुक्रवार आला. किल्ल्या सुभद्राकडे गेल्या. ही अमडापूरची, विशीतली, येऊन महिना झालेली. पडदा ओढला गेला आणि आतून असं काही विव्हळणं सुरू झालं, की माझा स्वतःचा पाय दुखायचा थांबला.

"मले नाई पायजे तुमची दवा! तू कोनाची कोन? माह्या अंगाले हात नको लावू!"

"बाई, तोंड पुसू द्या न."

"पाटलीन हाय मी! माहं तोंड मीच पुसतो!"

असं घटकाभर चाललं. शेवटी सुभद्रा ओरडली, "निजा गुमान!"

विव्हळणं एकदम बंद. आतून द्वारकाबाईंचा नेहमीचा आवाज आला. "हे तू खऱ्या म्हातारीले म्हनली असती, तं ती उद्या गाडी जुंपून घरी गेली असती, अन् परवा मेली असती. काऊन ओरडली?"

"तुमी आयकतच नाई!"

"रोगी आयकत नसतेच. त्याले सांगू नको, इचार. हुकूम देनं सोपं हाय, पोरी. दुसऱ्याचा खाऊन पाह्य." आणि लगेच, "आई गं! मेलो गं!"

तर हा होता बाईंचा दरबार. दर शुक्रवारी सगळ्यांत धाकटी नर्स मुख्य होई. औषधाचं कपाट, कपड्यांची खोली, सोनाबाईंसारख्या जुन्या खोडांना कामं वाटून देणं, सगळं तिच्याकडे. आणि मोठ्या बाई रोगी, त्याही नाना तऱ्हेच्या. कधी औषध थुंकणारी, कधी रडकी, कधी तर दिवसभर अवाक्षर न बोलणारी मुकी. ती मुकी सगळ्यांत अवघड, असं सुभद्रा सांगे. दुपारी तीनच्या सुमारास तेलाची वाटी आणि फणी पडद्याआड जाई. निजल्या रोग्याचे गुंतलेले केस न ओढता कसे सोडवायचे, याचा तो धडा. तोच मी जाड टाइपात छापला होता.

तरी मी शरण गेलो नव्हतो. मी सोनाबाईंना गाठलं. "धडा ठीक. पण केस विंचरायला शिकायला बारा वर्षं लागतात? मागच्या शुक्रवारी वाटी घेऊन तुम्ही आत गेला होता. ही खासगी सेवाच!"

सोनाबाई माझी चादर ओढत होत्या, त्या थांबल्या.

"तुमी लय शिकलेले हा न? मंग आयका. बाईचं माहेर वरवट बकालचं. नवरा मेला, बाई नर्स झाली. आता भावाकडं गेली का वसरीत जेवते. लेकरू जवळ आलं का त्याले मागं वढतात, साऱ्या जातीच्या रोग्याइले शिवते म्हनून. आमच्याशिवाय तिले हात लावनारं कोनी हाय काय?" चादर त्यांनी इतक्या जोरात खोचली की फळी हलली. "उद्या साहेब येऊन राह्यले तुमच्या कागदावर. किल्ल्या गेल्या तं बाईनं कोठं जावं, हे बी छापा."

मी त्या दिवशी काहीही लिहिलं नाही.

साहेब आले. व्हरांड्यात खुर्ची मांडली, माझं पत्रक गुडघ्यावर. द्वारकाबाई समोर ताठ उभ्या. तिसऱ्या कलमावर काय म्हणणं आहे, असं विचारल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "धडा असते." भाऊ, ओसरी, लेकरू यांतलं अक्षरही नाही.

साहेबांनी सोनाबाईंना विचारलं, "तुमची नोकरी किती?"

"बारा वर्सं, साहेब."

"आणि अजून केस विंचरायला शिकता?"

"हाव साहेब," सोनाबाई ढिम्म चेहऱ्यानं म्हणाल्या. "मी लय मंद हाय."

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या सुभद्राने विचारलं नसताना सांगितलं, "मी तं तिच्याहून मंद हाय, साहेब."

मग साहेब माझ्याकडे वळले. "हे तुम्ही पाहून लिहिलंत?"

"नाही," मी म्हणालो. "ऐकून लिहिलं. आता पाहिलं आहे. तिसरं कलम खोटं आहे." आयुष्यात मागे घेतलेलं हे माझं पहिलं वाक्य. पाय मोडला तेव्हा याहून कमी लागलं होतं. स्वाभिमान राखायला मी पुढे जोडलं, "पहिली दोन मात्र खरी होती!"

साहेबांनी शेरा लिहिला: किल्ल्या द्वारकाबाईंकडेच राहाव्यात, धडा चालू राहावा, मात्र मुख्य परिचारिकेने स्वतः रोगी होऊ नये, दवाखान्याच्या शिस्तीस ते शोभत नाही.

बाईंनी तो हुकूम तंतोतंत पाळला. पुढच्या शुक्रवारी आठला किल्ल्या सुभद्राकडे दिल्या आणि स्वतः भिंतीशी उभ्या राहिल्या. नऊ नंबरच्या खाटेवर एका उशीला लुगडं गुंडाळून ठेवलं होतं. उशी फार सोशीक रोगी निघाली. औषध थुंकली नाही, पाटलीण असल्याचं सांगितलं नाही. आमच्या खोलीतल्या रोग्यांना तर चुकल्यासारखं झालं. बाई दिवसभर बसल्या नाहीत.

तीन वाजता सुभद्रा तेलाची वाटी घेऊन आली आणि खाटेपाशी थांबली. उशी उचलून तिनं सोनाबाईंच्या हातात दिली.

"बाई, निजा."

"साहेबाचा हुकूम हाय, पोरी."

"साहेब बुलढान्याले हायत. आज किल्ल्या कोनाजवळ हायत?"

बाईंचा हात सवयीनं रिकाम्या कमरेला गेला.

सुभद्राने कमरेचा जुडगा एकदा वाजवला. "हुकूम खाऊन पाहा न, बाई," ती हळूच म्हणाली. सांगितलं नाही, विचारलं.

 मग खाट करकरली आणि पडदा ओढला गेला. आमच्या खोलीत खोकणाऱ्यांनी खोकला दाबून धरला. आता पाटलीण येते की रडकी, याची मी वाट पाहत होतो. फणीचा बारीक आवाज तेवढा येत होता.

"बाई, कोठं दुखते?" सुभद्रानं धड्याप्रमाणं विचारलं.

"कोठंच नाई," आतून आवाज आला. तो कुठल्याच रोग्याचा नव्हता. "थांबू नको पन."