कॉर्क कोणत्या काठावर?

हेमचंद्रांचं पत्र टेबलाच्या खणात येऊन पडल्याला आठ महिने झाले होते आणि टेंबे मास्तरांनी अजून त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्रात रागवण्यासारखं काही नव्हतं. अवघड तर मुळीच नव्हतं.

‘गुरुनाथा, तू लेकीकडे आयर्लंडला जाऊन बसलास. आमचे गुडघे आता बार्शीची वेससुद्धा ओलांडू देत नाहीत. तेव्हा तुझ्या त्या कॉलेजच्या गावाचा इतिहास-भूगोल तूच कळव. इतिहास थोडक्यात चालेल, तो माझा विषय, चुका मी दुरुस्त करीन. भूगोल मात्र नीट सांग. पहिला प्रश्न, एक गुण: कॉर्क नदीच्या कोणत्या काठावर आहे?’

या एका गुणानं आठ महिने खाल्ले. मास्तरांनी पहिल्याच दिवशी बैठक मारून ‘उजव्या काठावर’ असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी फिरायला गेले तर गाव डाव्या काठावर दिसलं. ते खोडून घरी निघाले, पूल ओलांडला, पुन्हा बाजारपेठ, पुन्हा पूल, पुन्हा नदी! ली नदी गावाच्या तोंडाशी दुभंगते, गावाला दोन्ही बाजूंनी कवेत घेते आणि पलीकडे पुन्हा एक होते. आता काठ कोणता म्हणायचा?

दुसऱ्या कुणाला काहीही कळवून टाकता आलं असतं, पण हेमचंद्राला नाही. एकतीस वर्षं दोघं एकाच शाळेत होते. एका सहलीत मास्तरांनी मुलांना सांगितलं की समोरची नदी उत्तरेकडे वाहते, तेव्हा हेमचंद्रांनी ऐंशी मुलांदेखत खिशातून होकायंत्र काढलं होतं. तेव्हापासून मास्तर जेवायला या म्हटलं तरी ताट कोणत्या दिशेला मांडलंय ते बघून बसत.

गेल्या आठवड्यात दुसरं पत्र आलं. तीनच ओळी. ‘उत्तर नाही. रागावला असशील तर तसं लिही. याही पत्राला उत्तर आलं नाही, तर मी पुन्हा त्रास देणार नाही.’

हेमचंद्र बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस होता.

त्याच संध्याकाळी मेधा कारखान्यातून आली ती बूट काढता काढताच म्हणाली, “बाबा, शनिवारी मराठी मंडळातल्यांच्या आई-बाबांची सहल आहे. कॉर्क तुम्ही दाखवताय.”

“मी? अगं, मला कुठं काय येतंय?”

“आठ महिने रोज वही घेऊन हिंडताय. ग्रुपवर टाकलंय मी, चौदा अंगठे आलेत. आणि ही छत्री धरा हातात, पिवळी. म्हणजे कुणी चुकणार नाही.”

“आणि माझंच काही चुकलं तर?”

“चुकू दे हो. इट्स ग्रँड!” मेधा म्हणाली. सात वर्षं कॉर्कमध्ये काढल्यावर तिला इथल्या लोकांसारखं सगळंच ग्रँड वाटायचं.

शनिवारी सकाळी मास्तरांनी छत्री उंच धरली, वही उघडली आणि वहीतच बघत बोलायला सुरुवात केली. माणसांच्या डोळ्यांत बघून बोलायची सवय त्यांना नोकरीतही लागली नव्हती. ते फळ्याशी बोलत.

“कॉर्क या नावाचा अर्थ दलदल. चौदाशे वर्षांपूर्वी एका साधूनं या दलदलीच्या कडेला मठ काढला, शिकवायला लागला आणि गाव वसलं. म्हणजे आधी मास्तर, मग गाव. हा मोठा रस्ता असा वाकडा का? कारण याच्याखाली नदीचा फाटा आहे. दोनअडीचशे वर्षांपूर्वी तो झाकला, आणि त्याच्या वळणानं रस्ता वळला.”

“म्हंजे आपण आत्ता नदीतनं चाललोय म्हना की!” कोल्हापूरचे बाळासाहेब म्हणाले आणि त्यांनी उगीचच विजार दोन बोटं वर घेतली. “आन् मास्तर, त्या मनोऱ्यावर चार बाजूला चार घड्याळं हायती, आन् चारी येगळा टाइम दावत्यात?”

“पूर्वीपासून ती कीर्ती आहे त्याची.”

“आमच्या यष्टी स्टँडवानीच की!”

“काऊन जी सर,” नागपूरच्या सुमेधाबाई म्हणाल्या, “माह्या मुक्ताचं कॉलेज येते न याच्यात? सोमवारी तोंडी परीक्षा हाय तिची. चार वर्षं झाले, प्रबंध लिहूनच राहिली पोरगी.”

“येतं. ते मात्र बेटावर नाही, नदीपलीकडच्या उंचवट्यावर आहे. विद्या कोरड्या जागी ठेवलीय त्यांनी.”

लोक हसले. आपल्या बोलण्याला कुणी हसलेलं मास्तरांना आठवत नव्हतं. ते जरा फुलले आणि वही न बघता दोन वाक्यं बोलले.

पूल ओलांडून कॉलेजच्या फाटकात शिरल्यावर त्यांनी शिरस्त्याप्रमाणे डोकी मोजली. निघताना चौदा होती, आता एकतीस भरली. मास्तरांनी पुन्हा मोजलं, तर तेहतीस. शाळेच्या सहलीत मुलं हरवतात हा अनुभव होता. वाढतात हे पहिल्यांदाच दिसत होतं.

झालं होतं असं, की त्या दिवशी कॉलेजनं पुढच्या वर्षी येणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी आपली दारं उघडली होती, आणि वाट दाखवणाऱ्या स्वयंसेवकांच्या हातात छत्र्या होत्या. पिवळ्या! त्यामुळे फाटकातले आयरिश पालक विश्वासानं मास्तरांच्या मागे लागले होते. मास्तर मराठीत बोलत होते हे त्यांच्या कानांवर येत होतं, पण तसं तोंडावर म्हणणं त्यांना असभ्य वाटलं. आणि ‘मी तुमचा नव्हे’ हे तोंडावर म्हणणं मास्तरांना असभ्य वाटलं. त्यांनी मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवायला घेतलं. ते जुळेपर्यंत मंडळी जुन्या दगडी इमारतीच्या चौकात येऊन, मधल्या वाटेनं हिरवळ कापून, पलीकडे पोचलीसुद्धा.

पलीकडे एक विद्यार्थिनी उभी होती. तिच्या हातात खरी पिवळी छत्री होती. ती हसत काहीतरी म्हणाली आणि मास्तरांचा चेहरा उतरला.

“काय म्हन्ते पोरगी?” सुमेधाबाईंनी विचारलं.

इथं गप्प बसणं सोपं होतं. पण जे माहीत आहे ते वर्गापासून लपवायचं कसं? “ती म्हणते, इथले विद्यार्थी चौकाच्या मधून कधीच जात नाहीत. जो जातो तो परीक्षेत नापास होतो, असं इथं मानतात.”

“अगं बाई!” सुमेधाबाई मटकन दगडी पायरीवर बसल्या. “माह्या मुक्ताची परीक्षा!”

“पण ताई, मुक्ता कुठं चालली? चालला तुम्ही.”

“मायच्या पायाचं लेकराले लागत नाही का? तुम्ही मास्तर असून असं बोलता! विचारा तिले, उतारा काय याच्यावर?”

मास्तरांनी घाम पुसत विचारलं. उतारा या गोष्टीचं इंग्रजी करता करता त्यांनी हातांनी ओवाळूनही दाखवलं. मुलगी गोंधळली आणि म्हणाली की तसा काही उपाय तिच्या ऐकिवात नाही.

“उपाय काय, सरळ हाय!” बाळासाहेब पुढे झाले. “जसं आलो तसं पाठीमागं जायाचं. टेप उलटी फिरवायची. म्हंजे आपन आलोच न्हाई!”

तर्कात मास्तरांना खोट सापडली नाही. चौदा आई-बाबांनी चौकाकडे पाठ केली आणि एकमेकांचे खांदे धरून उलटी पावलं टाकायला सुरुवात केली. मास्तर छत्री उंच धरून सर्वांत पुढे, म्हणजे आता सर्वांत मागे होते. आयरिश पालकांनी एकमेकांकडे पाहिलं. जुन्या कॉलेजांच्या जुन्या रीती असतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. तेही वळले. चौकाच्या मध्यावर तेहतीस माणसं गंभीरपणे मागे मागे निघाली होती. एका माणसानं तर टोपी काढून हातात धरली होती.

तेवढ्यात कोपऱ्यावरून मुक्ता आली. “आई! काय चाललंय हे?”

“गप वं! तुह्यासाठीच चालू हाय.”

“अगं, मी चार वर्षं रोज इथूनच जाते! बसस्टॉप त्या बाजूला आहे!”

सुमेधाबाई थबकल्या. मागचे सगळे एकमेकांवर आदळले. “तरीच!” त्या कडाडल्या. “तरीच चार वर्षं लागले! तूही वळ. चाल उलटी!”

मुक्तानं इकडे तिकडे पाहिलं, कपाळाला हात लावला आणि आईचा खांदा धरला.

एवढ्यात मास्तरांची पाठ कुणावर तरी आपटली. वळून पाहतात तो पांढऱ्या दाढीचे एक उंच गृहस्थ, गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र! मास्तरांना वाटलं, संपलं. आता पोलीस, मेधाची नोकरी, परतीचं विमान.

“कोणत्या विभागाचे आपण?” गृहस्थांनी सौम्यपणे विचारलं.

“भूगोल,” मास्तरांच्या तोंडून खरं ते निघून गेलं.

“फारच छान समजावतात हो हे तुमचे सर!” टोपीवाल्यानं मध्येच साक्ष दिली. “शब्द कळला नाही एकही, पण नदी दिसली. हातांनी काढून दाखवली त्यांनी.”

“मीही भूगोलच शिकवला,” गृहस्थ म्हणाले. “चाळीस वर्षं.”

मास्तरांच्या अंगात कुठून धीर आला कोण जाणे. घरी पाठवणारच आहेत, तर निदान एक गुण पदरात पाडून जावं. “सर, एक विचारू? कॉर्क नदीच्या कोणत्या काठावर आहे?”

गृहस्थांनी उत्तरासाठी तोंड उघडलं, नदीच्या दिशेनं हात केला, मग तो दुसरीकडे वळवला आणि शेवटी खाली घेतला.

“अहो, मी इथेच जन्मलो,” ते म्हणाले, “आणि अजून चुकीच्या धक्क्यावर जाऊन उभा राहतो. तुम्हाला कळलं तर मला कळवा.” मग तेही मंडळींच्या मागे लागून दोन पावलं उलटे चालून आले. नाही म्हटलं तरी नातवाची परीक्षा होती.

त्या संध्याकाळी मास्तर लिहायला बसले आणि एका बैठकीत पाच पानं झाली. दलदल, साधू, झाकलेली नदी, पिवळी छत्री, बाळासाहेबांची उलटी टेप. काठाच्या प्रश्नापुढे त्यांनी लिहिलं, ‘माहीत नाही. इथल्या मास्तरांनाही माहीत नाही.’ चाळीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच शाईनं लिहिलं होतं, आणि छताला काही झालं नाही.

सोमवारी दुपारी मेधाच्या फोनवर बातमी आली. मुक्ता पास झाली होती, आणि सुमेधाबाई त्याचं सारं श्रेय मास्तरांच्या मार्गदर्शनाला देत होत्या. मास्तर पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या हिरव्या टपालपेटीशी गेले. चिकटवण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालावं म्हणून त्यांनी पानं काढली, आणि तिसऱ्या पानावर हे वाक्य सापडलं. ‘मग ली नदी पश्चिमेला वाहत जाऊन समुद्राला मिळते.’

पश्चिमेला! रोज सकाळी ज्या पाण्यावर सूर्य उगवताना बघायचा, ते पाणी पश्चिमेला!

मास्तरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि थांबले. चूक सापडल्यावर हेमचंद्र गप्प बसल्याचं एकही उदाहरण इतिहासात नव्हतं. होकायंत्र काढील, चष्मा पुसील आणि उलट टपाली चार पानं खरडील.

त्यांनी टोपण लावलं, पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं.