श्यामकांतभाऊंचा एकच टेक

चौबे कॉलोनीतल्या आपल्या घराचा हॉल एक दिवस शूटिंगला द्यायला श्यामकांतभाऊ हो म्हणाले, तेव्हा त्यात आपल्याला मरावं लागेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली आणि गल्लोगल्ली दोन गोष्टी उगवल्या: सरकारी दफ्तरं आणि छत्तीसगढी सिनेमे. श्यामकांतभाऊ दफ्तरात नोकरी करत आणि सिनेमांना नावं ठेवत. (नावं दफ्तरालाही ठेवली असती, पण पेन्शनचा प्रश्न होता.) उडणाऱ्या हीरोची तार सगळ्यात आधी त्यांना दिसे. काच साखरेची, रक्त टोमॅटोचं, वाघ कॉम्प्युटरचा, हे ते थेटरात शेजाऱ्याला हळूच सांगत. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाई, इतकं हळूच.

शूटिंगच्या दिवशी मढ्याचं काम करणारा अभनपूरचा कलाकार आलाच नाही. दुसऱ्या सिनेमात त्याला जिवंत माणसाचं काम मिळालं होतं. दिग्दर्शक निरंजन हा कॉलोनीतलाच पोट्टा. तो डोकं धरून बसला.

"तसंही तुमच्या सिनेमातलं मढं श्वास घेते," श्यामकांतभाऊ म्हणाले. "पापणी हलवते. माणूस मेला का झोपला, काही समजत नाही."

"तो आप ही मर जाइए ना, काका."

"एका टेकमध्ये मरतो, पाह्यजो."

त्यांना पांढऱ्या कपड्यात गुंडाळलं, हार घातला, नाकात कापूस कोंबला. भोवती चार बायका रडायला बसल्या. कॅमेरा आतल्या खोलीत, पडद्याआड.

नेमका तेव्हाच दफ्तरातला चपराशी लहानू कपाटाची चावी मागायला आला. फाटकातूनच त्यानं हे पाहिलं आणि आल्या पावली सायकल वळवली.

रिहर्सल आटोपून टेक सुरू झाला, तसे मोठे बाबू रामकृष्ण, लहानू आणि आणखी दोघं मोठा हार घेऊन आत आले. असिस्टंटनं गर्दीसाठी माणसं आणली असतील, असं समजून निरंजननं कॅमेरा चालूच ठेवला. श्यामकांतभाऊंनी आवाज ओळखले. पण शब्द दिला होता. ते मेलेलेच राहिले.

स्वयंपाकघरातून त्यांची बायको इरावती चहाचा ट्रे घेऊन दारात आली.

"वहिनी, धीर धरा," रामकृष्ण म्हणाले.

"सकाळपासून तेच करून राहिली ना. हे एकदाचे उचलले, की मले हॉल झाडायचा आहे. चहा घेता?"

रामकृष्णांनी कप घेतला. दुःखानं बाईचं डोकं फिरलं, असं त्यांनी मनात ठरवलं.

"माणूस सज्जन होता," ते हळू आवाजात म्हणाले. "पण त्याच्यासोबत सिनेमा पाहणं म्हणजे शिक्षा होती."

"मले इचारा," लहानू डोळे पुसत म्हणाला. "हिरोइन मरून राहिली होती, माही बायको रडून राहिली होती, अन् हे मागून म्हणतात, ग्लिसरीन हाय. तिचं रडणं तिथंच आटलं. पुरे पैसे वाया."

कापडाखाली श्यामकांतभाऊंचा जीव तळमळला. शब्द एकीकडे, सत्य एकीकडे. ते ताडकन उठून बसले.

"ग्लिसरीन नाही म्हटलं बाप्पा मी. कांदा म्हटला होता."

लहानू हारासकट सोफ्यावर कोसळला. रामकृष्णांचा चहा त्यांच्याच शर्टावर सांडला. रडणाऱ्या बायका हसायला लागल्या. निरंजननं "कट" म्हणून कपाळावर हात मारला.

सारा उलगडा व्हायला दुसरा चहा लागला. नाकातला कापूस काढत श्यामकांतभाऊ म्हणाले, "चला, कपडे बदलून तुमच्यासोबतच दफ्तरात येतो. लोकांचा गैरसमज तरी दूर होईल."

चौघंही कप अर्धवट ठेवून उठले.

"तसं आहे, श्यामकांतभाऊ," रामकृष्ण घसा साफ करत म्हणाले, "शोकसभा झाली. दफ्तराले अर्ध्या दिवसाची छुट्टीही देऊन टाकली. आता तुम्ही जिवंत निघाले तर ती परत घ्यावी लागेल, अन् लोकं तर घरी पोचले. आजचा दिवस तुम्ही असेच राहा."

"अन् तुम्ही काहून इतकी घाई करून राहिले?"

"आम्ही मॅटिनीले चाललो," लहानू दारातून म्हणाला. "आज पहिल्यांदा शांततेत पाहायले भेटते."