पुसट दीर्घिका आणि रहांगडाले भाऊ

रहांगडाले भाऊंना ठळक काहीच आवडत नाही. पौर्णिमेचा चंद्र वर आला की "आला मिरवायले!" म्हणून तोंड फिरवतात. लग्नाला गेले तर नवरा-नवरीला सोडून शेवटच्या रांगेत कोण बसलंय ते पाहतात. चिचगडच्या रस्त्यावर आमचा छोटासा दवाखाना आहे. तिथे ते एक्स-रे काढतात आणि शेजारच्या खिडकीत मी औषधं देतो. फिल्मवर हाड धडधडीत मोडलेलं दिसलं की भाऊंचा रस संपतो. "हे तर कोणालेबी दिसते जी!"

असा माणूस पुसट दीर्घिकांच्या नादी लागला यात नवल नाही. शास्त्रज्ञ दुर्बिणीतून काढलेले आकाशाचे फोटो इंटरनेटवर टाकतात आणि त्यांतले धूसर डाग हौशी लोक शोधून देतात. भाऊ जेवणाच्या सुट्टीत एका हातात पोळी धरून हेच काम करतात.

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं गाव, हे मला त्यांनीच शिकवलं. आपली आकाशगंगा गच्च भरलेली. काही दीर्घिका मात्र तेवढ्याच ऐसपैस, पण तारे इतके विरळ की मागचं आकाश आरपार दिसतं. "आता थ्या जन्मापासूनच अशा, का शेजारच्या मोठीनं त्याइचे तारे ओढून नेले, थे कोणालेच पक्कं मालूम नाही," असं ते इंजेक्शनसाठी थांबलेल्या बाईलाही सांगतात. बाई मुकाट्याने दंड पुढे करते.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना एक डाग सापडला. बाकीच्या हौशींनी तो आधीच कॅमेऱ्यावरची धूळ म्हणून मोडीत काढला होता. भाऊ पेटले. "तीस साल झाले फिल्मा पाहून राहिलो. धूळ कशी दिसते, थे मले शिकवता का?" त्यांनी शास्त्रज्ञांना इंग्रजीत पत्र लिहिलं. मी ते दुरुस्त केलं, मग त्यांनी माझी दुरुस्ती दुरुस्त केली.

उत्तर काही येईना. भाऊ चिडचिडे झाले. एका पेशंटला "श्वास रोखा" सांगून मेल बघायला गेले. बिचारा इमानदारीने लालबुंद होईस्तोवर उभा!

पावसाळा सरता सरता उत्तर आलं. शास्त्रज्ञांनी मोठ्या दुर्बिणीतून तो डाग पाहिला होता. ती खरोखरच दीर्घिका निघाली. तारे सगळे म्हातारे, तांबूस. कितीतरी काळात तिथे नवा तारा जन्मलाच नव्हता. आसपास तारे पळवणारी कोणी मोठी शेजारीणही नव्हती. मग ती इतकी विरळ कशी झाली, ते आम्हालाही अजून कळलेलं नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

भाऊंनी पत्र तीनदा मोठ्याने वाचलं. नर्सबाईंनी पेढे मागितले. भाऊ नुसते हसले आणि मला म्हणाले, "चला, घरी चाय पिऊ." आठ वर्षांच्या सोबतीत हे बोलावणं पहिलंच.

घर साधंच, कौलारू. पुढच्या खोलीत तीन खाटा, तिन्हींवर धुतलेल्या चादरी.

"पाहुणे येऊन राहिले का?" मी विचारलं.

"नाही जी. दोघं भाऊ अन् बहीण, त्याइच्या खाटा हायेत."

बाप गेला तेव्हा भाऊ एकोणीस वर्षांचे होते. तिघांना शिकवलं, तिघांची लग्नं लावली. त्यात स्वतःचं राहून गेलं. आता एक नागपूरला, एक रायपूरला, बहीण सुरतेला. आम्ही दवाखान्यात त्यांच्या ब्रह्मचर्यावर किती विनोद केले होते!

चहा उकळेपर्यंत भाऊंनी तिघांना फोन लावले. मोठा मीटिंगमध्ये होता, धाकटा गाडी चालवत होता. "सहज केला रे. जेवला का? ठेव, ठेव." बहीण जरा जास्त बोलली. दीर्घिकेचा शब्द भाऊंनी कोणापाशीच काढला नाही.

"भाऊ, सांगतलं काऊन नाही?"

भाऊंनी चहा गाळला. "सांगतलं असतं तर म्हणले असते, दादा घरी एकटा बसून कायच्याबी मागं लागला. मंग उगाच जीवाले घोर लावून घेतला असता त्याइनं."

कप माझ्या हातात देऊन ते खाटेशी गेले आणि एकही सुरकुती नसलेली चादर त्यांनी पुन्हा हाताने सारखी केली.