समाधान ओंबासेची खरी चढाई

आवळखिंडमध्ये माणूस मेला की तो कबड्डीच्या मैदानाबाहेरच्या बाकावर येऊन बसतो, आणि समाधान ओंबासेने चढाईत गुण मिळवला की बाकावरचा पहिला माणूस उठून घरी जातो. हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. कॉलेजने समाधानच्या माहितीपत्रकात 'इतर' या रकान्यात तसं लिहूनच पाठवलं होतं.

नियम कबड्डीचाच आहे. जो आधी बाद झाला तो आधी उठतो. मधला उठत नाही, वशिला चालत नाही. गुण समाधानचाच लागतो, मैदान आवळखिंडचंच लागतं, आणि गुणपत्रकावर मान्यताप्राप्त पंचाची सही लागते. सरावातल्या गुणाने कोणी उठत नाही. आवळखिंडचा ग्रामसेवक दोन वर्षांपासून मृत्यूची नोंद पेन्सिलने करतो.

माझा संबंध फक्त खेळाशी होता. लीगची खेळाडू निवड शनिवारी होती आणि लहान कॉलेजांतल्या चढाईपटूंचे अहवाल गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत द्यायचे होते. मी लीगमधल्या एका संघाची विश्लेषक. संख्याशास्त्रात एमएस्सी केलं आहे. निवड समितीतले बाकीचे तिघे मिळून दोनशे वर्षांचे होते आणि खेळाडूची मांडी बघून निर्णय घ्यायचे. समितीचे प्रमुख नलवडे सर सहासष्ट वर्षांचे, आपल्या काळातले नावाजलेले डावे कोपरारक्षक. ते मला 'पोरी' म्हणत.

"दोनशे बारा चढाया, पोरी," माझ्या लॅपटॉपवर समाधानचे व्हिडिओ बघत ते म्हणाले. "एकदाही पकड नाही. अजून काय बघायचंय?"

"त्याला कोणी पकडलं नाही, ते बघायचंय."

मी व्हिडिओ हळू केला. समाधान मागे फिरतो, कोपरारक्षक झेपावतो, त्याचा हात बरोबर वेळेवर बरोबर घोट्यावर पडतो. मग बोटं उघडतात. पुढचा सामना, दुसरा संघ, दुसरा रक्षक. हात पडतो, बोटं उघडतात. मी असे एकेचाळीस हात मोजले. एकेचाळीस वेळा बोटं उघडली होती.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. आसपासच्या चौदा गावांच्या मुली आवळखिंडला दिलेल्या आहेत. ज्याची आत्या बाकावर तिसरी बसली आहे, तो समाधानचा घोटा कशाला आवळेल? शिवाय समाधान पकडला गेला तर तो स्वतः बाद होणार, म्हणजे बाकावर शेवटी जाऊन बसणार. मग त्याला कोण उठवणार आणि बाकीच्यांना तरी कोण? म्हणून सगळा तालुका त्याला दोन वर्षं सोडत आला होता.

अहवालात 'कोणाविरुद्ध खेळला' असा एक रकाना असतो. त्यात मी लिहिलं, 'कोणाविरुद्धही नाही. मूल्यमापन अशक्य.' आणि पद्धतीप्रमाणे एक प्रत कॉलेजला पाठवली.

बुधवारी समाधानचा फोन आला.

"मॅडम, तुम्हाला ते हात दिसले?"

"दिसले."

"मलापण दिसतात. पायाला कळतं. दोन वर्षं झाली. मला येतं का न्हाई, मलाच माहीत न्हाई. एकदा कोणीतरी खरं धरा. मग काय लिहायचं ते लिहा."

"पकडला गेलास तर?"

"तर येत न्हाई म्हणून लिहा."

गुरुवारी दुपारी बाराला आम्ही आवळखिंडला पोचलो. मी, नलवडे सर आणि आमच्या संघाचा डावा कोपरारक्षक इरफान मुजावर. गेल्या हंगामात सर्वांत जास्त पकडी इरफानच्या होत्या आणि आवळखिंडमध्ये त्याचं कोणी नव्हतं.

बाक सिमेंटचा आहे, लांबलचक, वर पत्रा. त्यावर नऊ जण बसले होते. पहिले धोतर नेसलेले रंगनाथ तात्या, नवव्या एक शिक्षिका, पर्स मांडीवर. सगळ्यांचे हात गुडघ्यांवर. ऊन होतं, धूळ उडत होती, पण कोणी डोळे बारीक करत नव्हतं. माशा त्या बाजूला जात नव्हत्या. बाकावरचे बोलत नाहीत. मैदानात कोणी हललं की नऊ माना एकदम तिकडे वळतात, एवढंच.

समाधानची आई, कलाबाई, माझ्याजवळ आल्या. त्या स्वतः चार महिने बाकावर बसून फेब्रुवारीत उठल्या होत्या.

"माझ्या पोराला तिथं बसवू नका, मॅडम."

"कसं असतं तिथं?"

त्यांनी विचार केला. "कसं असं काही नसतं. समोर खेळ चाललेला असतो, तो बघायचा. पोटचं पोर खेळतंय हे कळतं. पण ते जिंकावं असं काही वाटत न्हाई. तेवढंच वाईट."

नलवडे सर समाधानला वळवून वळवून बघत होते. "मांडी बघितलीस का, पोरी? मी सही करतो. घेऊन टाकू. आईचा जीव कशाला टांगणीला लावतेस?"

"सर, मांडी बघून तुम्ही गेल्या वर्षी तिघं घेतलेत. तिघंही राखीव बसलेत."

"आणि हा इथं कायमचा बसला तर?"

"त्यानेच मागितलंय. तुम्हाला कोणी काही मागितलेलं ऐकूच येत नाही, सर. सांगायचीच सवय झालीय."

ते समाधानला सोडून बाजूला झाले. मला बरं वाटलं.

कॉलेजचे गुरव सर पंच होते. त्यांनी गुणपत्रकावर तारीख टाकली, शिट्टी गळ्यात घातली. इरफान कोपऱ्यात उभा राहिला आणि मला म्हणाला, "सोडायचं नाही म्हणजे अजिबात नाही ना, ताई?"

"अजिबात नाही."

समाधान मध्यरेषेला हात लावून आत गेला. 'कबड्डी कबड्डी' इतकं हळू की फक्त गुरव सरांना ऐकू यावं. तो डावीकडे झुकला, बोनस रेषेपर्यंत पाय नेला आणि फिरला. इरफानचा हात घोट्यावर पडला. बोटं उघडली नाहीत.

समाधानचा चेहरा मी विसरणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी हाक मारावी तसा तो झाला. मग तो पडला. इरफानने दुसरा पाय गुडघ्यात अडकवला आणि सगळं वजन टाकलं. समाधान छातीवर सरकत होता, त्याच्याबरोबर इरफान सरकत होता, आणि 'कबड्डी कबड्डी' तुटत नव्हतं. रेषा एक हात लांब. मग वीत. मग त्याचं मधलं बोट रेषेपलीकडे टेकलं.

शिट्टी झाली. गुरव सरांनी एक गुण मांडला आणि सही केली.

रंगनाथ तात्या बाकावरून उठले, कंबर सरळ केली, "नळाला पाणी येऊन गेलं का?" असं विचारलं आणि घराकडे निघाले. बाकीचे आठ एकेक जागा पुढे सरकले.

इरफानही उठला. त्याने गुडघ्यांवरची माती झटकली. आमच्याकडे न येता तो सरळ बाकाकडे चालत गेला, शिक्षिकेच्या शेजारी बसला आणि हात गुडघ्यांवर ठेवले.

"इरफान," मी हाक मारली. "इरफान, पाणी पी."

त्याने बघितलं नाही. समाधान उठून उभा राहिला तेव्हा नऊ माना तिकडे वळल्या. त्यात एक इरफानची होती.

गुरव सर नियमपुस्तक चाळून म्हणाले, "बरोबर आहे. आजवर इथं खरा बाद कोणी झालाच नव्हता."

इरफान नववा, म्हणजे तो उठायला नऊ गुण. मी बघायला जमलेल्या कॉलेजच्या मुलांना समोर उभं केलं आणि नेहमीसारखं धरून सोडायला सांगितलं. दोन चढाया झाल्या, दोन गुण झाले, दोन्हींखाली सही झाली. बाकावरचं कोणी हललं नाही. तिसऱ्यांदा गुरव सरांनी शिट्टी वाजवली नाही. "आता खोट्याने उठत नाहीत," ते म्हणाले.

कलाबाई जमिनीवर बसल्या. समाधान माझ्यापुढे उभा होता. "मॅडम, मला येतं ना?"

"येतं."

"मग मी उठवतो त्यांना. पण धरणारी माणसं खरी पाहिजेत. आणि ती बसतील."

कॉलेजची मुलं आपसात बोलली आणि त्यांतली सात पुढे आली. एकोणीस-वीस वर्षांची. त्यांतला एक म्हणाला, "आम्ही खरं धरतो, मॅडम. नावं घ्या." मी नावं लिहायला सुरुवात केली. हे लपवण्यात अर्थ नाही. चार वाजले होते. तीन नावं लिहून झाली होती.

"खाली बसा रे," नलवडे सर म्हणाले. त्यांनी घड्याळ काढून माझ्या वहीवर ठेवलं आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडू लागले.

"सर, काय करताय? तुमचं वय—"

"दोन वर्षं माझं वय काढतेस, पोरी. आज एकदा ते कामाला येऊ दे."

गावातली म्हातारी माणसं पारावरून बघत होती. त्यांतली पाच उठली आणि पायताणं काढून मैदानात आली. सगळी या ना त्या वेळी बाकावर बसून आलेली. रंगनाथ तात्या घरून परत आले, अजून चहाचा वास येत होता. म्हणाले, "आम्हाला जागा माहिताय. पोरांना कशाला नवी सवय?"

सहा गावचे आणि नलवडे सर, सात झाले. "सातही बाद झाले तर लोण," गुरव सर म्हणाले. "लोणाचे दोन जादा. सात आणि दोन नऊ." मग थांबले. "लोणाचे गुण संघाचे धरायचे की चढाईपटूचे, यावर पुस्तकात काही नाही. चढाई त्याची, तर मी त्याच्याच नावावर टाकतो."

मी तात्यांना म्हणाले, "तुम्ही सात जण उठणार कसे? शनिवारी ह्याची निवड झाली तर हा वर्षभर लीगबाहेर खेळू शकणार नाही."

"आम्हाला घाई न्हाई," तात्या म्हणाले. "घाई ह्या मॅडमना आहे." मैदानातले सगळे हसले. नलवडे सरही हसले.

मग ते समाधानकडे वळले. "ऐक. मी सोडणार नाही. तुझी आई बघतेय म्हणून नाही, तो मुजावर बसलाय म्हणूनही नाही. माझ्या हातून सुटलास तर खरा. नाही सुटलास तर सगळेच बसू."

पाच चढायांत सहा म्हातारे बाद झाले. ते खरं धरत होते. तात्यांनी दातांनी बनियन धरला, तेव्हा गुरव सरांनी त्यांना ताकीद दिली. जो बाद होई तो धोतर झटकून बाकावर जाऊन बसे आणि पुढून एक जण उठे. उठलेली माणसं मैदानाकडे एकदा बघत आणि आपापल्या कामाला जात. शेवटी मैदानात नलवडे सर एकटे राहिले.

डाव्या कोपऱ्यात ते वाकून उभे राहिले. मी त्यांना असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. समाधान आत गेला, त्यांना हात लावला आणि फिरला, आणि सरांनी त्याची मांडी धरली. दोन्ही हातांनी, डोकं बरगडीत खुपसून. समाधान जागच्या जागी थांबला. 'कबड्डी कबड्डी' बारीक होत गेलं. कलाबाईंनी तोंडात पदर धरला. एकेचाळीस वेळा ज्या गोष्टीची मला चीड आली होती तीच आता व्हावी असं मला वाटलं. हात उघडावेत. ते उघडले नाहीत.

समाधानने सरांना उचललं नाही, ढकललं नाही. तो त्यांच्यासकट मागे कोसळला. दोघं मातीत पडले, आणि धूळ खाली बसली तेव्हा त्याची टाच रेषेवरून पलीकडे गेलेली होती. श्वास त्यानंतर तुटला.

एक गुण आणि लोणाचे दोन. सही झाली. बाकावरून तीन जण उठले. दुसरी ती शिक्षिका, तिसरा इरफान. इरफानने माझ्या हातातली बाटली घेतली आणि सगळं पाणी प्यायला.

नलवडे सर तोवर सातव्या जागेवर बसले होते. मी घड्याळ घेऊन गेले. ते माझ्या खांद्यावरून मैदानाकडे बघत होते. मी घड्याळ त्यांच्या मनगटावर बांधलं. मनगट अजून गरम होतं.

अहवाल मी पावणेसहाला पाठवला. 'कोणाविरुद्ध खेळला' या रकान्यात आठ नावं लिहिली. शिफारस: पहिली फेरी. समितीप्रमुखांच्या सहीची जागा रिकामी ठेवली आणि शेरा दिला, 'प्रमुख बसलेले आहेत.' कोणी हरकत घेतली नाही.

शनिवारी समाधान पहिल्या फेरीत आमच्याकडे आला. करारात त्याने एकच अट घालून घेतली, चैत्रातल्या जत्रेला दोन दिवस सुट्टी आणि घरच्या मैदानावर एक सामना. सात उठायला पाच जण आणि लोणाचे दोन गुण हिशेबाला पुरतात, पण तसं जमत नाही. एका वेळी सातच उतरतात आणि लोण व्हायला सातही जावे लागतात, म्हणून यादी सातांची आहे. ती गुरव सर ठेवतात. चौदा गावांतल्या लोकांनी नावं दिली आहेत. पुढच्या तीन जत्रांपर्यंत ती भरली आहे.

गेल्या रविवारी मीही गेले. बाकाकडे न बघता सरळ गुरव सरांच्या घरी गेले आणि माझं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, वही उघडली, जन्मतारीख विचारली. मी सांगितली.

त्यांनी बोटांवर मोजलं. "साठीच्या आतलं नाव घेत नाही, मॅडम. गावच्या पंचांनी तसं ठरवलंय. तुमचं पेन्सिलने लिहून ठेवू का? पस्तीस वर्षांनी या."

"त्याच्या आधी काही होत नाही?"

"नाही."

"बरं," मी म्हणाले. "थांबते."