थोरलीच्या धडावर धाकटीचे काळीज

श्री. अग्नि, वायु आणि तैल या तिघांस दंडवत घालोन, आणि ज्या लोहाने मुकाट उष्मा सोसला त्या लोहाचे स्मरण करोन मजकूर लिहिला जातो तो ऐसा जे, शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरी, खिंडीच्या ऐलकडील दौलतीत दोन लहान मोटारी होत्या. दोघी एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून उतरलेल्या. एक साधी, तिजला थोरली म्हणत. दुसरी स्पोर्ट, तिजला धाकटी म्हणत. बाहेरोन पाहता रंगावाचून भेद दिसत नसे, परंतु धाकटी घाटास लागली म्हणजे थोरलीस मागे टाकोन नाहीशी होत असे. खिंडीच्या माथ्यावर खिंडाईचे ठाणे. तिचे जत्रेस माघी पौर्णिमेस ऐलकडील व पैलकडील दोन्ही दौलतींची मोटार घाट चढे, आणि जी कमी वेळात माथा गाठी त्या दौलतीकडे देवीच्या पालखीचा पहिला मान वर्षभर राही. पैलकडे थोरले सरकार साठीचे असोन स्वतः मोटार हाकीत. ऐलकडे सरकारांच्या कन्या आक्कासाहेब हाकीत. आणि ऐलकडील मोटारखान्यात भागूबाई पांचाळ म्हणोन मेस्त्रीण होती, वय पंचेचाळीस, बोलणे थोडे, कान तीक्ष्ण; बापापासोन हत्यार हाती आलेले. वीस वर्षे थोरलीची सेवा केली, परंतु धाकटीचे इंजिन उघडण्याचा प्रसंग तिजवर आला नव्हता.

तो माघ शुद्ध षष्ठीस आला. आक्कासाहेब धाकटी घेऊन सरावास गेल्या, आणि नवव्या वळणावर खालोन दगड लागोन तेलाची टाकी फुटली. तेलाचा लाल दिवा लागला तो आक्कासाहेबांनी पाहिला, आणि माथा जवळ आहे म्हणोन तैशाच हाकीत राहिल्या. मग आत घण घातल्यासारखा नाद जाहला आणि मोटार थांबली. बैल जोडोन खाली आणिली. पौर्णिमेस नऊ दिवस उरले. ते समयी मोटारखान्याचे कारखानीस नरहरपंत यांनी मसलत दिली जे, "धाकटीच्या इंजिनाचे खालचे धड फुटले, परंतु वरचे हेड, ज्यात व्हॉल्व बसतात, ते शाबूत आहे. दोहींचा साचा एक, बोल्टांची भोके एक. हेड काढा, थोरलीच्या धडावर चढवा, दोन दिवसांचे काम." आक्कासाहेबांस मसलत रुचली. भागूबाई हात जोडोन बोलिली, "आक्कासाहेब, भोके जुळतात म्हणोन अंतरंग जुळेल ऐसे नाही. मज एक दिवस द्यावा. दोघींस उघडोन शेजारी मांडते, मग हुकूम व्हावा." नरहरपंत म्हणाले, "बाईस भीती वाटते." आक्कासाहेब म्हणाल्या, "भीती मजही वाटावयास हवी होती, लाल दिवा लागला तेव्हा. द्या दिवस."

मग भागूबाईने सतरंजीवर पांढरे धोतर अंथरोन दोन्ही इंजिने सोडविली. उजवीकडे थोरलीचे सामान, डावीकडे धाकटीचे. थोरलीचे पिस्टन ओतीव. धाकटीचे घडीव, दाबाखाली ठोकोन काढलेले, हातास हलके आणि वाजवले तर निराळा सूर. थोरलीचे रॉड, म्हणजे पिस्टनखालचे दांडे, जाड, खरबरीत. धाकटीचे सडपातळ, अंगावर एकही ओरखडा नाही, जणू दागिन्यासारखे घासलेले. व्हॉल्व मिटवणारी स्प्रिंग थोरलीस एकेक, धाकटीस एकीत एक ऐशा दोन. आणि व्हॉल्व उघडणारा दांडा, ज्यास कॅम म्हणती, त्याची थोरलीची उंचवटी सुपारीसारखी, धाकटीची लिंबासारखी निमुळती. म्हणजे धाकटीचा व्हॉल्व अधिक खोल उतरे आणि अधिक वेळ उघडा राही. धाकटीच्या धडात प्रत्येक पिस्टनच्या पोटाखाली एक बारीक नळी होती, तीतून तेलाची चिळकांडी पोटावर उडोन ते थंड राहावे ऐशी योजना. थोरलीस ती जागा बुजलेली. भागूबाई नळीत फुंकर घालोन पाहे, पुन्हा पाहे. वीस वर्षे ज्यास इंजिन म्हणत आली त्याचे ऐसेही रूप असते, हे तिजला प्रथमच कळो आले, आणि कोणी परकी माणसे इतका विचार करोन गेली, ज्यांची तोंडे आपण कधी पाहणार नाही, ऐसे वाटोन तिचे डोळे भरले.

मग तिने कणीक मागविली. थोरलीच्या पिस्टनच्या माथ्यावर कणकेचा पातळ थर दिला, वरोन धाकटीचे हेड चढविले, बोल्ट आवळले, आणि आक्कासाहेबांस म्हणाली, "आपल्या हाताने फिरवावे. जोर लावू नये." आक्कासाहेबांनी पाना धरोन इंजिन हळू फिरविले. पाऊण फेरा जाहला आणि हात थबकला. पुन्हा लोटिला, पुन्हा थबकला. "अडले," त्या म्हणाल्या. भागूबाईने हेड उतरविले. कणकेत व्हॉल्वचे गोल ठसे उमटले होते आणि ठशाच्या तळाशी कणीक उरलीच नव्हती, खालचे लोखंड चमकत होते. धाकटीच्या पिस्टनच्या माथ्यावर व्हॉल्वास जागा देण्यासाठी खोल चंद्रकोरी कोरलेल्या होत्या; थोरलीचे माथे सपाट. भागूबाई म्हणाली, "हाताने फिरविले म्हणोन नुसते अडले. बाराव्या वळणावर, खाली दरी असता, मिनिटास सात हजार फेरे घेताना अडते तर इंजिन जागीच धरते आणि चाके बांधल्यासारखी होतात." नरहरपंत ठशास बोट लावोन म्हणाले, "मी सांगितले ते चढविले असते तर?"

तेव्हा ठरले जे, हेडासोबत धाकटीचे पिस्टन व रॉडही थोरलीच्या धडात घालावे. परंतु धाकटीचे तीनच शाबूत. चौथा पिस्टन वितळोन रॉड वाकलेला. तैसा पिस्टन दोन्ही दौलतींत मिळून एकाच ठिकाणी होता, पैलकडील सरकारांच्या मोटारखान्यात. त्यांची मोटारही धाकटीच्याच घराण्यातली. तेथील मेस्त्री दगडोजी लोहार, वय सत्तर, त्यास भागूबाईने कधी पाहिले नव्हते. नरहरपंत म्हणाले, "प्रतिपक्षाकडे मागता? हसतील." भागूबाईने तरी पत्र लिहिले, त्यात पालखीच्या मानाचा शब्द नाही, एवढेच जे, "एक पिस्टन व एक रॉड हवा. कशासाठी हे आपणांस सांगणे नको." तिसऱ्या दिवशी स्वार आला. तेलकट मलमलीत गुंडाळलेला पिस्टन, रॉड, आणि चिठी: "सरकारांस विचारले. ते म्हणाले, उभ्या मोटारीस हरवून कसला मान. देणे. वजन जुळवोन घेणे."

मग भागूबाईने सोनाराचा काटा मागविला आणि चारही पिस्टन तोलले. पाहुणा तिघांहोन काही गुंजा जड निघाला. पोटाच्या बाजूने कानशीने एक-एक घास काढीत, पुसत, तोलत दोन दिवस गेले, तेव्हा कोठे काटा चौघांस सारखाच उभा राहिला. रॉडांचेही तैसेच केले. त्रयोदशीस इंजिन जुळले आणि फिरविता कोठे अडले नाही. चालू केले तो ऐसा गंभीर सूर निघाला की मोटारखान्याबाहेर उभे असलेले शिपाई आत डोकावू लागले. परंतु भागूबाईने आक्कासाहेबांस बाजूस घेऊन सांगितले, "काळीज धाकटीचे, धड थोरलीचे. पोटावर तेल उडविणाऱ्या नळ्या या धडात नाहीत. अकराव्या वळणापासोन सरळ चढ आहे, तेथे पिस्टन तापतील. बाराव्याच्या आधी पाय उचलावा, तीन मोजावे, मग पुन्हा दाबावा." आक्कासाहेब म्हणाल्या, "तीन मोजण्यात मान जाईल." "जाईल," भागूबाई म्हणाली.

पौर्णिमेस सकाळी थोरले सरकार प्रथम चढले आणि उत्तम चढले. मग आक्कासाहेब निघाल्या. भागूबाई बाराव्या वळणावर दगडास टेकोन उभी होती, डोळे मिटोन. खालोन सूर वर येत गेला, दरीत घुमत गेला, आणि तिजला प्रत्येक व्हॉल्व, प्रत्येक स्प्रिंग डोळ्यांपुढे हलताना दिसू लागली. अकरावे वळण गेले. सरळ चढावर सूर चढला, चढतच गेला, आणि भागूबाईस वाटले की आता या पाय उचलीत नाहीत. तोच सूर उतरला. एक. दोन. तीन. मग पुन्हा उठला, आणि मोटार वाऱ्यासारखी तिजपुढोन गेली. भागूबाईने डोळे उघडले. माथ्यावर वेळ मोजली ती आक्कासाहेबांची दोन सेकंद जास्त भरली. मान पैलकडे गेला. आक्कासाहेबांनी थोरल्या सरकारांस वाकोन नमस्कार केला आणि पालखीस मागल्या बाजूने खांदा दिला.

जत्रेनंतर इंजिन उघडोन, उसना पिस्टन घेऊन आक्कासाहेब व भागूबाई पैलकडे गेल्या. दगडोजी ओट्यावर बसले होते. त्यांनी पिस्टन उजेडात उलटा धरिला, पोटाशी तेल जळोन काळपट तपकिरी डाग धरला होता त्यावर अंगठा फिरविला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिले. मग आक्कासाहेबांस म्हणाले, "बाराव्याच्या आधी पाय उचललात." त्या चकित होऊन म्हणाल्या, "आपणांस कोणी सांगितले?" "याने. डाग काठाशी थांबला आहे. न उचलता तर मधोमध भोक पडते आणि तुम्ही येथे नसता." मग त्यांनी कानशीने घासलेली जागा पाहिली, नख लावोन पाहिले, आणि विचारले, "हे कोणी केले?" भागूबाई दाराशी उभी होती, ती पुढे जाहली. दगडोजी उठले, ओटा उतरोन आले, आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन उजेडाकडे वळविले, आणि बोटांवरील कानशीचे घट्टे पाहिले.

येणेप्रमाणे थोरली व धाकटी यांची हकीकत, एकाच साच्याच्या दोघी आत किती भिन्न हे जैसे कळले तैसे लिहिले. त्या वर्षी मान गेला, मोटार राहिली, हाकणारी राहिली. इति.