ब्रह्मगिरीची उलटी फेरी

नियोजन कसं करावं हे ज्याला शिकायचं असेल त्यानं माझ्याकडे यावं, असं मी दोन हजार चार सालच्या पावसाळ्यापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात मी प्लॅनिंग खात्यात होतो. आमच्या घरात बटाटेसुद्धा आकाराप्रमाणे लावलेले असत! आमचे खातेप्रमुख त्या वर्षी निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर एक तर मी बसणार होतो, नाहीतर ललित बागूल. ललित म्हणजे माझ्याहून बराच लहान, कायम हसतमुख आणि कशाचंच नियोजन न करणारा प्राणी. डबा विसरून यायचा, आणि लोक त्याला आग्रह करकरून आपल्या डब्यातलं वाढायचे. असल्या माणसांचा मला मनापासून तिटकारा आहे.

खुर्ची कुणाला द्यायची ते ठरवणार होते कर्णिक साहेब. मुंबईहून नुकतेच बदलून आलेले. एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"गायधनी, तुम्ही इथलेच ना? मला डोंगरात न्या. पाठीवर सॅक, दोन-तीन धबधबे, आणि निघालो तिथंच परत आणणारी वाट. अट एकच. माणूस दिसता कामा नये! माणसं बघून बघून मी विटलोय."

"साहेब, माझ्यावर सोडा!"

"ललितलाही घ्या. दोघांनाही जरा जवळून बघता येईल."

म्हणजे ही परीक्षाच की! जेलरोडच्या आमच्या घरात मी नकाशे पसरले. घोटीकडून जीपनं पहिन्याला जायचं, म्हणजे त्र्यंबकची गर्दी लागत नाही. पहिला धबधबा, चहा, मग ब्रह्मगिरीला पूर्ण वळसा, वाटेत आणखी दोन धबधबे आणि संध्याकाळी पुन्हा पहिने. वळसा घ्यायचा तो डोंगर डाव्या हाताला ठेवून, कारण दुपारचं ऊन डोळ्यांवर यायला नको. भर पावसाळ्यात ऊन कुठलं, असं ललितनं विचारलं. मी नकाशाची घडी घातली.

दिवस ठरवला सोमवारचा, कारण आमच्या कारखान्याला सुट्टी सोमवारी.

"अहो, श्रावणी सोमवार आहे तो," आमची सौ. सुवर्णा कणीक मळता मळता म्हणाली. "तोही तिसरा! अख्खा जिल्हा लोटतो फेरीला."

आता, तिसऱ्या श्रावणी सोमवारी लाखो माणसं ब्रह्मगिरीला प्रदक्षिणा घालतात, हे नाशिककराला सांगायला बायको लागत नाही. म्हणूनच तर मी श्रावण लागल्यापासूनचे सोमवार मोजले होते! तिसरा कधीच होऊन गेला होता.

"तो अधिकातला झाला," ती म्हणाली. "यंदा श्रावण दोनदा आलाय. फेरी निज श्रावणात असते."

"अधिक-उणं मला शिकवू नकोस! प्लॅनिंगमध्ये मी आहे की तू?"

तिनं कणकेचा गोळा झाकून ठेवला. लग्नाला पंधरा वर्षं झाली की बायका वाद घालत नाहीत, नुसती वाट बघतात.

सोमवारी भल्या पहाटे आम्ही तिघं पहिन्याला उतरलो. धुकं इतकं दाट की जीपसुद्धा दिसेना. फेरीची पहिली लाट पुढं निघून गेली होती आणि दुसरी यायची होती, हे मला तेव्हा काय ठाऊक!

"चिटपाखरू नाही!" साहेबांनी छाती भरून श्वास घेतला. "वा, गायधनी!"

खुर्चीची गादी मला तेव्हाच जाणवायला लागली.

"कसला तरी आवाज येतोय," ललित पुटपुटला.

"धबधबा आहे तो!"

"केवढा असेल हो!" साहेब.

"तीनशे फूट!" मी ठोकून दिलं.

आवाज वाढत गेला, जवळ आला, आणि धबधबा 'बम बम भोले!' म्हणायला लागला. धुकं फाटलं. समोरून अख्खा जिल्हा येत होता! म्हातारे, पोरं, कडेवरची, डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बायका, सगळे अनवाणी, सगळे चिखलानं माखलेले. आणि सगळ्यांची तोंडं आमच्याकडे! कारण डोंगर उजव्या हाताला ठेवून फेरी घालायची असते, आणि आमच्या नियोजनात तो डावीकडे होता.

"ओ भाऊ, उलटे कुठं चालले?"

"शिकलेले दिसत्यात!"

"चला साहेब, पुढचा धबधबा जवळच आहे!" मी कोपरानं वाट काढत ओरडलो. प्लॅन म्हणजे प्लॅन. तेवढ्यात एका म्हातारीनं साहेबांचं मनगट धरलं.

"आरं लेकरा, देवाला डाव्या अंगाला घेतो व्हय? लय पाप लागंल! फिर माघारी!"

आणि साहेब फिरले! सातशे कामगारांना जागेवर उभं करणारा माणूस, म्हातारीनं ओढला तसा गेला. "मी बघतो साहेबांकडे!" म्हणत ललितही प्रवाहाबरोबर दिसेनासा झाला. त्याला काय, तो आयुष्यभर तेच करत आला होता.

मागं वळून त्यांना गाठणं शक्यच नव्हतं. मी शिव्या खात, धक्के खात, लाखभर भाविकांच्या विरुद्ध चालत दुपारी त्र्यंबकला पोचलो आणि हरवलेल्यांच्या मंडपात शिरलो. माईकवर गोरक्ष नावाचा एक स्वयंसेवक होता.

"कोण हरवलंय?"

"साहेब!"

"वय किती?"

"बावन्न."

"रडतोय का?"

"अहो, मी रडायच्या बेतात आहे!" मी माईक हिसकावून घेतला. साहेब चेंगरले असतील, नाहीतर माझा राग करत भटकत असतील. काहीही असलं तरी खुर्ची गेली होती. निदान ती ललितला तरी मिळू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"कर्णिक साहेब, असाल तिथून मंडपात या! साहेब, या प्रकाराशी माझा काडीचाही संबंध नाही! आजचा दिवस ललित बागूलनं ठरवला! वाट त्यानं ठरवली! मी नको नको म्हणत होतो! ही सगळी ललितची करणी आहे!"

खांबाखांबावरच्या कर्ण्यांतून माझा आवाज गावभर घुमला.

"झालं का?" गोरक्ष म्हणाला. "मैनाबाईंचा नवरा हरवलाय, त्यांना बोलू द्या."

संध्याकाळी, कर्ण्यावरची माझी चौथी हाक ऐकून, साहेब आले. अनवाणी, गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळाला भस्म, हातात राजगिऱ्याचा अर्धा लाडू. मागं ललित, साहेबांचे बूट हातात घेऊन.

"कुणी ठरवला आजचा दिवस?" साहेब गरजले.

"ललितनं!" मी बोट दाखवलं. "कर्ण्यावर सांगितलं तसंच, साहेब!"

"साहेब, मी..." ललितनं तोंड उघडलं. पण साहेबांनी त्याला मिठी मारली! भर मंडपात!

"माझी आई गेल्यापासून मला कुणी हात धरून चालवलं नव्हतं रे," साहेब त्याला न सोडताच म्हणाले. "त्या पुतळाबाई मला फेरीभर लेकरू म्हणत होत्या. घसरलो की दहा हात पुढं यायचे. मी म्हणालो माणूस नको, आणि या पोरानं ओळखलं की मला माणसंच हवी होती. याला म्हणतात प्लॅनिंग!"

मी पुढं सरसावलो. "साहेब, खरं सांगायचं तर..."

"बस्स, गायधनी! लाखो लोकांसमोर सगळं श्रेय तुम्ही याला देऊन मोकळे झालात. इतका प्रामाणिक माणूस मी नोकरीत पाहिला नाही!"

ललितनं खरं सांगायचा पुढं दोनदा प्रयत्न केला. साहेबांना तो विनय वाटला. महिन्याभरात खुर्ची ललितची झाली, आणि डबा विसरला की तो आता माझ्या डब्यातून खातो.

सव्वीस जानेवारीला कारखान्यानं मला 'प्रामाणिक कर्मचारी' म्हणून प्रमाणपत्र दिलं, नव्या खातेप्रमुखांच्या हस्ते. सुवर्णानं ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय आणि पाहुण्यांना मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवते. कितीदा वाटतं, साहेबांसमोर जाऊन ठणकावून सांगावं की तो दिवस मीच ठरवला होता! पण त्यासाठी आधी मी खोटं बोललो हे कबूल करावं लागेल. खुर्ची तर मिळायची नाहीच, वर प्रमाणपत्रही परत द्यावं लागेल हो!