प्रोफेसरांचा गंजप्रयोग

ट्रेलरचा तळ भर रस्त्यात निखळून पडला, तेव्हा जीप प्रोफेसरांची बायको चालवत होती. आरशात पाहिलं तर मागे रस्त्याच्या मधोमध गुलाबाच्या कुंड्यांची रांग लागलेली, आणि लोक ती रांग नवा दुभाजक समजून शिस्तीत डाव्या बाजूने जात होते. तिने हसावं की रडावं हे ठरेपर्यंत आणखी दोन कुंड्या उतरल्या.

प्रोफेसर हे नुसतं नाव. माणूस रोपवाटिका चालवायचा. पण घरात साधी बादली घ्यायची तरी प्रयोग केल्याशिवाय घ्यायची नाही, म्हणून गल्लीने ही पदवी बहाल केली होती. त्यांचे प्रयोग आजवर एकजात फसले होते आणि दर वेळी बायकोचंच म्हणणं खरं ठरलं होतं. एकदा, निदान एकदा तरी या घरात आपलं खरं व्हावं, एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती.

"गंजला हो तो," बायको कंबर धरून बसत म्हणाली. "हवा बघा कशी आहे. मिठाच्या बरणीत चमचा रुतून बसतो, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. त्यात ट्रेलरमध्ये रोज ओल्या कुंड्या. आता ॲल्युमिनियमचाच घ्या. गंजत नाही, आणि हलका असतो. दांडा उचलून जीपला जोडताना माझी कंबर मोडते."

"ॲल्युमिनियम म्हणजे डबा! एक धक्का बसला की पोचा," प्रोफेसर म्हणाले. "ट्रेलर कसा दणकट हवा. स्टीलचा. घरात एवढी स्टीलची भांडी आहेत, एक तरी गंजलंय?"

"ते स्टील वेगळं, हे वेगळं."

"हे तू मला सांगणार? आपण प्रयोग करू."

बायकोने कपाळाला हात लावला. मग थोडा विचार करून म्हणाली, "करा. पण माझी एक अट. ॲल्युमिनियम जिंकलं तर आत्तापर्यंत चाललंय तसंच चालू दे. स्टील जिंकलं तर ट्रेलर जोडणं, सोडणं, धुणं, पुसणं सगळं तुमच्याकडे. मी फक्त गाडी चालवणार."

"कबूल!" प्रोफेसर म्हणाले. जिंकायच्या नादात माणूस काय काय कबूल करतो!

वेल्डरकडून स्टीलची एक आणि ॲल्युमिनियमची एक अशा दोन पट्ट्या आल्या. घरातली सगळ्यांत दमट जागा म्हणजे न्हाणीघर. तिथल्या खिडकीला प्रोफेसरांनी त्या टांगल्या आणि ते रोज सकाळी त्यांच्यावर मिठाचं पाणी शिंपडायला लागले. "कुणी हात लावायचा नाही!" असं त्यांनी घरभर ओरडून सांगितलं. घरात होतं कोण? बायको आणि त्यांची आई. आई दुपारची झोपलेली असल्यामुळे तिने ते ऐकलंच नाही.

महिनाभराने निकाल लागला. स्टीलची पट्टी आरशासारखी लखलखत होती आणि ॲल्युमिनियमची काळीठिक्कर पडली होती.

"बघ! बघ!" प्रोफेसर टॉवेलावरच बाहेर धावले. "डोळे उघडून बघ!"

"अगंबाई, खरंच की," बायको म्हणाली. "हरले बाई मी."

हे वाक्य लग्नानंतर त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. त्या आनंदात ते अख्ख्या गल्लीला पट्ट्या दाखवत फिरले. समोरच्या डॉक्टरांनी तर त्या बघून ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा बेत रद्द केला आणि साध्या लोखंडी खिडक्या सांगून टाकल्या. वेल्डर तेवढा डोकं खाजवत राहिला.

"माझ्या दुकानात हेच स्टील आठ दिवसांत तांबूस पडतं, प्रोफेसर. तुमच्या न्हाणीघरात आहे तरी काय?"

"शास्त्र!" प्रोफेसर म्हणाले.

स्टीलचा ट्रेलर आला. हिरवागार, हत्तीसारखा जड. प्रोफेसरांनी दांडा उचलला आणि त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं. ते ऐकून आई खरोखरच बाहेर आली.

"ट्रेलर आला ना? मग आता त्या पट्ट्या काढ रे बाबा. रोज घासून घासून माझे हात दुखले."

प्रोफेसरांच्या हातातला दांडा खाली पडला. पायावर पडला नाही हे नशीब.

"घासून?"

"मग? मेली ती पट्टी रोज तांबडी व्हायची. मी आपली घासायची, पुसायची, तेलाचा हात फिरवायची."

प्रोफेसरांना घाम फुटला. आता बायकोला सांगायचं कसं? आणि डॉक्टरांच्या खिडक्या तर बसल्याही होत्या. "आई, तुझ्या पाया पडतो, हे कुणाला बोलू नकोस," एवढंच त्यांना सुचलं.

तेव्हापासून प्रोफेसरांचा दिनक्रमच बदलला. पहाट झाली की ते तेलाचं फडकं घेऊन ट्रेलरखाली शिरायचे. तो आटोपला की जीपला जोडायचा. मग गुलाबाचं रोप द्यायच्या निमित्ताने डॉक्टरांकडे जायचं आणि बोलता बोलता त्यांच्या खिडक्या पुसायच्या. "अहो, राहू द्या हो," डॉक्टर संकोचाने म्हणायचे. "छे, छे, शेजारधर्म!" असं म्हणत प्रोफेसर पुढच्या खिडकीकडे सरकायचे. डॉक्टरांचं अंगण गुलाबांनी भरून गेलं, पण एकाही खिडकीला डाग पडला नाही. इतका सज्जन शेजारी आपल्याला लाभला, असं डॉक्टर येईल त्या पेशंटला सांगू लागले.

एका सकाळी बायको पायरीवर चहा पीत बसली होती. प्रोफेसर ट्रेलरखाली होते.

"अहो, त्या मागच्या चाकाच्या आत राहिलं बघा."

प्रोफेसर वैतागून बाहेर आले. तोंड तेलाने माखलेलं. शेजारी आई पाट टाकून भाजी निवडत होती. तिच्याजवळ जाऊन ते हळूच म्हणाले, "आई, त्या पट्ट्या घासायचं तुझ्या डोक्यात आलं तरी कुठून?"

"माझ्या कशाला? सूनबाईच म्हणाली. आई, ती जड पट्टी तेवढी रोज चकचकीत ठेवा, आणि हलकी सोड्याच्या पाण्यात घाला."

"ॲल्युमिनियम सोड्यात?"

"काळं पडतं ते सोड्यात. माझे दोन डबे गेलेत तसे."

आईला हळू बोलणं कधी जमलंच नव्हतं. प्रोफेसरांनी पायरीकडे पाहिलं. बायको शांतपणे चहा पीत होती. त्यांना चांगलाच राग येणार होता. पण ती कप ठेवून उठली, आणि ती कंबर न धरता उठली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की गेल्या कित्येक दिवसांत घरात तिच्या कंबरेच्या मलमाचा वासच आलेला नाही. इतकी वर्षं तो दांडा ती एकटी उचलत होती आणि आपण प्रयोग करत बसलो होतो. प्रोफेसरांना एकदम तिची दया आली, मग स्वतःची लाज वाटली, आणि मग हसूच फुटलं.

"मान गये," ते म्हणाले. "दांडा मीच उचलणार. पुसणारही मीच. अट म्हणजे अट."

"मी कुठे काय म्हणतेय?"

"फक्त डॉक्टरांच्या खिडक्या तेवढ्या तू घे."

"छे हो," बायको जीपमध्ये चढत म्हणाली. "अटीत खिडक्या कुठे होत्या?"